वरचे आवाज

मुलीनं हेडफोन काढले ते नुसते काढले नाहीत, ओरबाडून काढले, आणि दोन्ही तळवे कानांवर दाबून ती म्हणाली, "बाबा, काय केलंयस हे? कानात सुया टोचतायत."

तो हसला. रविवारची दुपार होती, जेवणं आवरली होती, पलीकडच्या खोलीत बायको पेपर वाचता वाचता पेंगत होती. तीन आठवडे घासूनपुसून ही धून आता झाली, असं त्यानं आजच सकाळी स्वतःला सांगून टाकलं होतं. चार मिनिटांची धून, शब्द नाहीत. पुढे त्याचा माउथ ऑर्गन आणि मागे लिफ्टच्या मशीन-रूममध्ये टिपलेले आवाज: मोटरची घरघर, दोरांची सळसळ, रिलेची टकटक. बावीस वर्षं तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करत होता आणि हे आवाज त्याला घरच्या माणसांच्या पावलांसारखे ओळखीचे होते. "कुठे टोचतंय?" त्यानं विचारलं. "कुठे म्हणजे? सगळीकडे. तुझी प्रत्येक फुंक. आणि मागे ते सारखं चीं चीं काय चाललंय?" "मागे काही नाहीये." "अरे आहे, बाबा! दाराखाली उंदीर सापडल्यासारखं." त्यानं हेडफोन स्वतः चढवले, डोळे मिटले आणि धून पहिल्यापासून लावली. दोर सळसळत होते. माउथ ऑर्गन उबदार होता, भरलेला, हवा तसा. चीं चीं कुठेच नव्हतं. "तुमच्या पिढीचे कान फार नाजूक," तो म्हणाला. मुलगी खांदे उडवून निघून गेली, पण जाताना तिनं करंगळीनं कान चोळला, आणि ती करंगळी संध्याकाळपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

सामानाची ती छोटी खोली त्यानं आठ महिन्यांपूर्वी रिकामी केली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, दाराच्या फटीत फोमच्या पट्ट्या भरल्या, एका बंद पडलेल्या कचेरीतला संगणक आणून टेबलावर मांडला. शिकवायला कोणी नव्हतं. व्हिडिओ बघायचा, वहीत उतरवून घ्यायचं, करून बघायचं, बिघडवायचं आणि पुन्हा करायचं. मिक्सिंग म्हणजे काय हे त्याला आपल्या धंद्यावरूनच उमगलं. प्रत्येक आवाज वेगळ्या रेघेवर टिपलेला असतो. त्यांना शेजारी शेजारी असं बसवायचं की कुणाचं कोपर कुणाला लागू नये. एका बाजूला केबिन, दुसऱ्या बाजूला तिच्या तोलाचं वजन, आणि मधला दोर शांत. आणि सगळं बसल्यावर पूर्ण धुनेवरून फिरवायचा शेवटचा हात म्हणजे मास्टरिंग. ती फोनवरही तीच वाटली पाहिजे आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओवरही तीच. पहिले काही महिने नुसती गिचमिड झाली. मग हळूहळू खालचा घुमारा कापता यायला लागला, माउथ ऑर्गनचा श्वास मोटरच्या घरघरीतून वेगळा काढता यायला लागला. एकच गोष्ट मात्र काही केल्या जमेना: सगळं पांघरुणाखालून आल्यासारखं वाटायचं. म्हणून तो वरचा पट्टा चढवायचा. वरचा पट्टा म्हणजे बारीक, धारदार आवाज, जिथे धातूची चकाकी असते, ओठांवरून सुटणारी हवा असते. आज एक केसभर, पुढच्या आठवड्यात आणखी एक केसभर. पडद्यावरची आवाजाची रेघ उजवीकडे भिंतीसारखी उभी राहिली होती, हे त्याला दिसत होतं. पण एका व्हिडिओतल्या माणसानं निक्षून सांगितलं होतं की डोळ्यांवर जाऊ नका, कानांवर जा. ते वाक्य त्यानं वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

सोमवारी कामावरून आल्यावर त्यानं मुलीला हाक मारली. "एक गंमत करू. एक सूर वाजेल, वर वर चढत जाईल. ऐकू येतंय तोवर हात वर धरायचा, थांबला की खाली." ती मोबाइलमध्ये बघतच खुर्चीत बसली आणि तिनं हात वर केला. त्यानंही केला. सूर निघाला, जाड होता, मग शिट्टीसारखा झाला, मग बारीक तारेसारखा, आणि मग दाराच्या फटीतून दिसणारा उजेड कोणी दार लावून घेतल्यावर जातो तसा गेला. त्यानं हात खाली घेतला आणि संगणकाकडे पाहिलं. बंद पडलं की काय? आकडे पळत होते. मुलीचा हात वरच होता. मोबाइलमधून मान न काढता ती म्हणाली, "अजून आहे." खोलीत गाद्या होत्या, त्या दोघांचे श्वास होते, आणि त्याच्या दृष्टीनं दुसरं काही नव्हतं. "अजून." तिचा हात आता अवघडला होता, तो तिनं दुसऱ्या हातानं कोपराशी धरला. मग तिचं लक्ष त्याच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे गेलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं. "तू मस्करी करतोयस ना?" "हो," तो म्हणाला, "बघत होतो तू खोटं बोलतेस का." ती हसली, पण तिचा हात खाली यायला आणखी बराच वेळ लागला.

त्या रात्री तो नेहमीसारखा जेवला, नेहमीसारखा झोपलाही. पण सकाळी कामावर जाताना जग त्याला तपासायला लागल्यासारखं झालं. बायकोला काही सांगायचं असलं की ती टेबलाला वळसा घालून त्याच्या समोर येऊन उभी राहते, हे त्याला पहिल्यांदा दिसलं. ती असं कधीपासून करते? दाराच्या घंटेला तो नेहमी दुसऱ्यांदा उठतो आणि पहिल्यांदा कोणी ना कोणी त्याच्याकडे बघतं. एवढी वर्षं तो मशीन-रूममध्ये कान झाकण्याची टोपणं न घालता उभा राहिला होता, कारण टोपणं घातली तर बेअरिंग कसं ऐकणार? हे त्याला वस्तादांनी शिकवलं होतं. वस्ताद स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या आवरणाला लावायचे आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे. "ऐक," ते म्हणायचे, "आधी हे कुरकुरतं, मग ओरडतं, आणि तरी तू ऐकलं नाहीस तर मग माणूस ओरडतो." शेवटच्या वर्षात वस्तादांना काही ऐकू यायचं नाही. "वस्ताद, चहा घेणार?" विचारलं की ते घड्याळ बघून "साडेचार" म्हणायचे. सगळे तोंड फिरवून हसायचे, आणि सगळ्यांत जास्त तो हसायचा, कारण तो तेव्हा सगळ्यांत चांगलं ऐकायचा. आता बसमध्ये उभ्या उभ्या त्यानं गेल्या वर्षभरातल्या लिफ्ट मनात ओळीनं लावल्या. किती ठिकाणी कान लावून त्यानं 'ठीक' असा शेरा लिहिला होता? त्यातलं कोणतं बेअरिंग वरच्या पट्ट्यात, त्याच्या कानांच्या बंद दारापलीकडे, ओरडत होतं? मग एका स्टॉपवर गर्दी उतरली, त्याला बसायला जागा मिळाली, आणि त्यानं ठरवलं की वर्षाची वैद्यकीय तपासणी चार महिन्यांनी आहेच, तेव्हा जे व्हायचं ते होईल. तोपर्यंत मनात योजलेल्या सहा धुना पूर्ण करायच्या. चार झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. हे ठरवल्यावर त्याला जी सुटका वाटली तिची नंतर त्याला लाज वाटत राहिली.

आता तो डोळ्यांनी मिक्स करायला लागला. कानांनी जिथवर जाता येईल तिथवर जायचं आणि पुढची वाट पडद्यावर बघून चालायची. दुसऱ्यांच्या धुनांची रेघ कशी उतरते ते बघायचं, आपली तशी उतरवायची. उजवीकडची भिंत त्यानं पाडली. जिथे चीं चीं होतं म्हणे तिथे पडद्यावर एक पातळ उभी सुई दिसत होती. मशीन-रूमच्या दाराखाली अडकलेल्या खड्याची असावी. ती त्यानं कापली. त्याला स्वतःला धून आता चिखलात बुडल्यासारखी वाटत होती. मुलगी मात्र म्हणाली, "आता मस्त आहे. खरंच, बाबा." त्यानं ती घरी संगीत करणाऱ्यांच्या एका गटात टाकली, तर कुणा अनोळखी माणसानं लिहिलं की वरचा पट्टा काय स्वच्छ राखलाय, कान तयार आहे तुमचा. ते त्यानं तीनचारदा वाचलं. कुणीतरी आपल्याला आपल्याच तेराव्याचं जेवण वाढावं तसं ते वाटलं, आणि तरीही बरं वाटलं.

एका संध्याकाळी त्याला नको ते सुचलं. आवाजाचं चित्र काढणारी एक खिडकी त्या संगणकात होती: खाली जाड आवाज, वर बारीक, जितका मोठा तितका उजळ. त्यानं माइकसमोर तोंड नेऊन कामावरचे शब्द म्हटले. लिफ्टच्या खड्ड्यात दोघं असतात, एक वर आणि एक खाली. मध्ये अंधार आणि मोटर, आणि त्यांच्यात ये-जा करतात ते हे चारपाच शब्द. वर. खाली. थांब. ओढ. सोड. शब्दांच्या तळाशी स्वरांच्या जाड पट्ट्या उमटल्या. शेवटच्या शब्दाच्या सुरुवातीला, अगदी वर, राखेची चिमूट टाकावी तसा एक डाग होता. तो 'स'. त्यानं तेवढाच डाग निवडला, पुसला आणि शब्द ऐकला. 'ओढ.' पुसलेलं परत आणलं आणि पुन्हा ऐकलं. 'ओढ.' राखेची चिमूट पडद्यावर होती, त्याच्या समोर होती, आणि तिनं काही फरक पडत नव्हता. मग त्यानं ती फाईल जपून न ठेवता बंद केली.

त्याचा जोडीदार कंदील. खरं नाव कुणी घेत नसे. कपाळावरचा दिवा तो चहा पितानाही काढायचा नाही आणि बोलताना ज्याच्या त्याच्या डोळ्यांत उजेड मारायचा, म्हणून कंदील. नऊ वर्षं दोघं एकत्र होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यानं कंदिलासमोर विषय काढला. म्हणजे काढायला घेतला. "कंदील, खड्ड्यातून ओरडताना जरा मोठ्यानं ओरडत जा." "का, बहिरा झालास काय?" कंदील म्हणाला, आणि दिव्याच्या उजेडामागे त्याचा चेहरा दिसला नाही. "नाही रे, हल्लीच्या मोटरी फार घुमतात." "बरं," कंदील म्हणाला. "आणखी काही?" "नाही." "मग माझ्या चहात फुंकर घालू नकोस, स्वतःचा पी." दोघं हसले. सांगायची वेळ आली होती ती इतकी साधी होती, बशीत चहा ओतण्याएवढी, आणि ती गेली.

पुढच्या पंधरवड्यात नऊ मजल्यांच्या एका इमारतीत दरवाजाची मोटर बदलायची होती. केबिन सातव्या मजल्याखाली थांबवलेली होती, तिच्या टपावर कंदील. वरच्या मजल्यावर, उघड्या दाराशी तो, हातात चेनपुलीची साखळी. साखळीला मोटर टांगलेली, दोन माणसांनाही न पेलणारी. बाजूच्या कठड्यावर त्यानं आपला काड्यापेटीएवढा रेकॉर्डर टांगला होता, कारण साखळीचा तो दाणेदार आवाज त्याला सहाव्या धुनेसाठी हवा होता. अकरा वाजले असतील. काम चांगलं चाललं होतं. मोटर जागेशी आली तेव्हा कंदिलानं तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला भोकांशी वळवलं. हाताच्या वर चार बोटांवर लोखंडी तुळई होती. खालून आवाज आला. एकच शब्द. त्यानं साखळी ओढली.

त्यानंतरचं मात्र त्याला सगळं ऐकू आलं. माणसाचं ओरडणं खालच्या पट्ट्यातही असतं.

दोन बोटं गेली, तिसरं वाचलं. चौकशीला सुरक्षा अधिकारी बाई आल्या, शांत, चष्मा कपाळावर ढकलून लिहिणाऱ्या. "तुम्हाला काय ऐकू आलं?" त्यांनी विचारलं. "ओढ," तो म्हणाला. "नक्की?" "नक्की." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी इस्पितळात कंदिलालाही विचारलं होतं. कंदील म्हणाला होता की तोंडात स्क्रू धरला होता, वेदनेनं डोकं काम करत नाही, आपण काय म्हणालो ते आपल्यालाच आठवत नाही. बाईंनी लिहिलं: सूचना अस्पष्ट. म्हणजे चूक कंदिलाची. त्यांनी कागद त्याच्याकडे वळवला, पेन दिलं, आणि त्यानं सही केली. सही करताना त्याला वाटलं, ओठ बघून आपण या बाईंचं सगळं बोलणं समजून घेतलं, एकही शब्द सुटला नाही, आणि हे आपल्याला किती छान जमायला लागलंय.

घरी आल्यावर तो सामानाच्या खोलीत गेला. रेकॉर्डर चार दिवस खिशातच होता. त्यानं फाईल उघडली, कानांवर काही घातलं नाही, नुसतं चित्र काढलं. साखळीचे दाणे, रेघेला रेघ लागून. मग शांतता. मग तो शब्द, खाली जाड आणि उजळ. आणि त्याच्या आधी, वर, राखेची चिमूट. स्क्रू तोंडात असूनही कंदिलानं तो 'स' नीट म्हटला होता. चित्र मोठं केलं तरी ती तिथेच होती, उलट आणखी स्वच्छ. त्याला मुलीला बोलावून विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. ती दारातच उभी होती, बहुतेक त्यानं हाक न ऐकल्यामुळे आत आली होती. "बाबा, तो सूर त्या दिवशी..." "हो," तो म्हणाला. "मला येत नव्हता ऐकू." ती येऊन त्याच्या समोर, त्याला ओठ दिसतील अशी बसली. आईसारखी. मग म्हणाली, "वरचं मी ऐकत जाईन तुझ्यासाठी, खालचं तू ऐक. राहिलेल्या दोन्ही धुना करू आपण." "बघू," तो म्हणाला. त्या दोन धुना त्यानं पुढे कधी उघडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो सुरक्षा अधिकारी बाईंकडे गेला आणि रेकॉर्डर टेबलावर ठेवला. सूर, चित्र, पुसलेला डाग, सगळं सांगितलं; केव्हापासून माहीत होतं तेही सांगितलं, तारखेसकट. बाईंनी ते ऐकता ऐकता चष्मा डोळ्यांवर घेतला. मग सगळं नियमानं झालं. काचेच्या पेटीत बसवून कान तपासले, आलेख काढला. मुलीच्या हातासारखीच एक रेघ, फक्त मध्येच कोसळलेली. तपासनीस म्हणाला की असे कान एका दिवसात जात नाहीत, पंधरा-वीस वर्षं लागतात, तुम्हाला कळलं कसं नाही. त्याला खड्ड्यात उतरायची मनाई झाली. भांडारात बसवलं, खिडकीतून सुटे भाग द्यायचे, लोक चिठ्ठी लिहून आणायचे. त्यानं शेरे मारलेल्या सगळ्या लिफ्ट कंपनीनं पुन्हा तपासायला घेतल्या. तीन ठिकाणी बेअरिंग बदलावी लागली. हे त्याला कुणी सांगितलं नाही. ती बेअरिंग त्याच्याच खिडकीतून गेली.

कंदिलाकडे जायला त्याला महिना लागला. संध्याकाळची वेळ होती. कंदील खिडकीशी बसला होता, हात उशीवर, पांढऱ्या पट्टीत. कपाळावर दिवा नव्हता. दिव्याच्या पट्ट्याचा वळ मात्र अजून होता. वहिनींनी पाणी आणून ठेवलं आणि त्या आत गेल्या. आत जायचं म्हणजे तरी किती, दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. तो कानकोंडा होऊन बसला आणि पाणी न पिताच बोलायला लागला. तू बरोबर बोलला होतास. मला ऐकू आलं नाही. मला आधीपासून माहीत होतं. हे तो बसमध्ये घोकून आला होता आणि तेवढंच बोलून थांबला.

"बाईंनी सांगितलं मला," कंदील म्हणाला. मग खिडकीकडची मान मुद्दाम वळवून तो समोर आला. "मला पण माहीत होतं."

"काय?"

"दोन वर्षं मी तुझ्यासाठी दोनदा ओरडतोय. पहिल्यांदा तुझं लक्ष वळवायला, दुसऱ्यांदा सांगायला. तुझ्या कधी ध्यानात आलं नाही?" तो हसल्यासारखं करून थांबला. "त्या दिवशी तोंडात स्क्रू होता. म्हटलं, एकदा पुरे."

त्यावर काय बोलायचं ते त्यानं बसमध्ये घोकलं नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. त्याला वाटलं, कंदिलानं आपल्याला शिवी द्यावी, निदान उशीवरचा तो हात आपल्यापासून दूर घ्यावा. कंदिलानं तसं काही केलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी काहीतरी बोलल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आवाज चढलेला नव्हता, एक वाक्य असेल, सात-आठ शब्दांचं. त्याला त्या वाक्याचा नुसता सांगाडा ऐकू आला, स्वर, चढ आणि उतार; शेवटी काही प्रश्न नव्हता एवढं कळलं. कंदिलाचा चेहरा मात्र बदलला. त्यानं मान खाली घातली, पट्टीतल्या हाताखालची उशी उगाच सारखी केली. स्वयंपाकघरात वहिनींची पाठ तशीच होती, फक्त आता हलत नव्हती. कंदिलाच्या नव्हे, त्याच्या उत्तराची वाट बघत असल्यासारखी.

"काय म्हणाल्या?" त्यानं हळूच विचारलं.

कंदिलानं त्याच्याकडे पाहिलं. ओठ उघडले, मिटले. दुसऱ्यांदा त्यानं काही सांगितलं नाही.